कोच प्रार्थना घेतात, क्लबचं बोलावणं आलंय आणि घरी सहीसाठी कागद आलाय

पत्र :

आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. मुलगा आठवीत आहे, शाळेच्या फुटबॉल टीममध्ये खेळतो. प्रत्येक मॅचआधी कोच सगळ्यांना एका गुडघ्यावर बसवतात, येशूच्या नावाने प्रार्थना म्हणतात आणि शेवटी मुलांनी ‘आमेन’ म्हणायचं असतं. मुलगा म्हणतो, ‘मी नुसती मान खाली घालतो. पण तू काही बोलू नकोस, मला न खेळवता बाकावर बसवतील.’ मुलगी तिसरीत आहे. शाळा सुटल्यावर तिथेच भरणाऱ्या ‘गुड न्यूज क्लब’चं पत्रक तिच्या मैत्रिणीने दिलं. त्यानंतर एक दिवस तिने विचारलं, ‘गणपती खोटा देव आहे का?’ तिच्या वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा फलक लागलाय. आता शाळेकडून रोजच्या प्रार्थनेच्या वेळेसाठी संमतीपत्र आलंय. नवरा म्हणतो, ‘आपण एच-वन-बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत. सही करून टाक आणि गप्प बस.’ सासूबाई म्हणतात, ‘आमच्या शाळेत रोज प्रार्थना व्हायची, त्यात एवढं काय?’ दिवाळीला मुलीच्या वर्गात छोटा कार्यक्रम करायचा माझा विचार होता, तो तरी करावा का?
– एक आई

उत्तर :

ताई, आधी त्या कागदाबद्दल, कारण तो परत द्यायची तारीख जवळ आली असेल. सही करू नका.

टेक्ससच्या विधिमंडळाने २०२५ मध्ये सिनेट बिल ११ मंजूर केलं आणि ते १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालं. रोज प्रार्थनेसाठी आणि बायबल किंवा दुसऱ्या धर्मग्रंथाच्या वाचनासाठी शाळेत वेळ राखायचा की नाही, हे प्रत्येक स्कूल बोर्डाने सहा महिन्यांत मतदान करून ठरवायचं, असं त्यात आहे. ज्या बोर्डाने होकार दिला, तिथेही पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलाला त्या वेळेत बसवता येत नाही. संमती नसलेल्या मुलांसमोर हे व्हायला नको, शाळेच्या स्पीकरवरून व्हायला नको, शिकवण्याचा वेळ त्यात जायला नको, अशा अटी कायद्यातच घातलेल्या आहेत. म्हणजे सही न केल्याने तुमच्या मुलांचं काहीही बुडत नाही.

सही केल्याने मात्र बुडतं. या संमतीपत्रात एक कलम कायद्यानेच सक्तीचं केलंय : या धोरणाविरुद्ध राज्याच्या किंवा केंद्राच्या कायद्याखाली दावा लावण्याचा हक्क सही करणारा सोडून देतो, राज्यघटनेतल्या धर्माविषयीच्या कलमाखालचा दावासुद्धा. कागद टेबलावर पसरा आणि ‘वेव्हर’ हा शब्द शोधा. सहलीच्या किंवा फोटोच्या परवानगीचा कागद जसा डोळे झाकून सही करून दप्तरात टाकतो, तसा हा नाही. घाईत सही करून पाठवला असेल, तर संमती मागे घेत असल्याचं ऑफिसला लेखी कळवा आणि त्या मेलची प्रत ठेवा.

आता बाकीच्या सगळ्या गोष्टींना लागू पडणारा एक प्रश्न सांगतो. तो नवऱ्यालाही सांगा आणि मुलालाही. शाळेत धर्माची एखादी गोष्ट घडली की विचारायचं : हे शाळा करतेय की मूल करतंय? १७९१ सालच्या पहिल्या घटनादुरुस्तीत धर्माबद्दल दोन बाजू आहेत. सरकारने कुठलाही धर्म प्रस्थापित करायचा नाही, आणि कुणाच्या धर्माचरणात अडथळाही आणायचा नाही. सरकारी शाळा म्हणजे सरकार. म्हणून शिक्षक, कोच, प्रिन्सिपल कामावर असताना मुलांकडून प्रार्थना करवून घेऊ शकत नाहीत. आणि त्याच घटनेमुळे तुमची मुलगी डबा उघडण्याआधी हात जोडून श्लोक म्हणू शकते, कपाळाला गंध लावून जाऊ शकते, ‘माझा आवडता सण’ या निबंधात गणपतीबद्दल लिहू शकते. शिक्षिकेने त्या निबंधाला इतर निबंधांच्याच निकषाने गुण द्यायचे. ‘१९६२ साली कोर्टाने शाळेतून देव हाकलला’ असं तिथे बरेच लोक म्हणतात, ते खरं नाही. कोर्टाने शाळेला थांबवलं, मुलांना नाही.

१९६२ चा तो खटला न्यूयॉर्कमधला, एंगल विरुद्ध विटाली. राज्याच्या शिक्षणमंडळाने स्वतः रचलेली २२ शब्दांची प्रार्थना, कुठल्याही पंथाचं नाव नसलेली, रोज सकाळी म्हटली जाई. ज्याला नको त्याने गप्प बसावं किंवा बाहेर जावं, अशी मुभाही होती. सुप्रीम कोर्टाने तरीही ती घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, पेनसिल्व्हेनियातलं रोजचं बायबलवाचन ॲबिंग्टन विरुद्ध शेम्प या खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी बंद झालं. तिथेही पालकांची चिठ्ठी आणली की सूट मिळत होती. हा मुद्दा नीट ध्यानात ठेवा, कोचच्या बाबतीत तो तुम्हाला लगेच लागणार आहे : सूट दिली म्हणून शाळेची प्रार्थना वैध होत नाही.

आता कोच. तुमच्या पत्रातली सर्वांत स्पष्ट चूक हीच आहे आणि सर्वांत नाजूक बाबही हीच.

१९९५ चा एक निकाल तुमच्या घरापासून फार लांबचा नाही. डॅलसच्या दक्षिणेला डंकनव्हिल आहे. तिथल्या मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये सराव आणि मॅचच्या वेळी कोचच्या सहभागाने प्रार्थना होत असे. एका मुलीने सातवीत टीममध्ये आल्यावर सुरुवातीला त्यात भाग घेतला, मग थांबवला. बाकीच्या प्रार्थना करत असताना तिला बाजूला उभं राहावं लागे. ‘तू ख्रिश्चन नाहीस का?’ असं सोबतच्या मुली विचारायच्या. एका शिक्षकाने तर तिला नास्तिक म्हणून हिणवलं. टेक्सस ज्याच्या कक्षेत येतं त्या पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टाने निर्णय दिला की शाळेच्या कर्मचाऱ्यांनी अशा प्रार्थना घेऊ नयेत आणि त्यात सामीलही होऊ नये. त्याच निकालात शाळेच्या गायनवृंदाचं धार्मिक शब्दांचं गाणं मात्र कोर्टाने चालवून घेतलं, कारण पाश्चात्त्य समूहगायनाचा मोठा भाग धार्मिकच आहे आणि ते संगीत म्हणून शिकवलं जातं. म्हणून उद्या मुलगी ख्रिसमसच्या कार्यक्रमात एखादं भजनासारखं गाणं गायली, तर त्यावरून मेल लिहू नका.

तुम्हाला उत्तर बहुधा असं येईल : ‘पण २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कोचच्या बाजूने निकाल दिलाय.’ दिलाय खरा. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनचे फुटबॉल कोच जोसेफ केनेडी मॅच संपल्यावर मैदानाच्या मध्यरेषेवर गुडघा टेकून प्रार्थना करत. कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांची बाजू घेतली. पण बहुमताने ज्या प्रार्थनांचा विचार केला त्या मॅचनंतरच्या होत्या, थोडक्यात आटोपलेल्या, त्यांच्या स्वतःच्या, खेळाडू इतर गोष्टींत गुंतलेले असतानाच्या. पूर्वी ते मुलांना जमवून प्रार्थना घेत, ती पद्धत त्यांनी थांबवली होती आणि ती परत सुरू करायची त्यांची मागणीही नव्हती. तुमच्या मुलाचे कोच मॅचआधी, कामावर असताना, टीमला गुडघ्यावर बसवतात, स्वतः म्हणतात आणि मुलांकडून ‘आमेन’ घेतात. केनेडी निकालाच्या आडोशाने हे करता येत नाही.

उद्या मुलांनीच आपण होऊन रिंगण केलं आणि त्यातल्या एकाने प्रार्थना म्हटली, तर तो त्या मुलांचा हक्क. कोचने तिथून लांब राहायचं आणि रिंगणात कोण आहे, कोण नाही, हे मोजायचं नाही. तुमच्या मुलाने तेव्हा बुटाची नाडी बांधावी, पाणी प्यावं. त्याबद्दल तक्रार करता येणार नाही आणि करूही नये.

मेल लिहिण्याआधी दोन कामं करा. पहिलं, मुलाशी बोला, पण परवानगी मागितल्यासारखं नाही आणि निर्णय सुनावल्यासारखंही नाही. त्याची भीती बाकावर बसण्याची आहे. म्हणून त्याला हे सांगा की तक्रारीत त्याचं नाव, त्याची जागा, त्याचा जर्सी नंबर काहीच येणार नाही आणि मागणी सगळ्या कोचना एकसारखी सूचना देण्याची असेल. आठवीतल्या मुलाला एवढं पुरतं. दुसरं, एका वहीत नोंद ठेवा : तारीख, कोणती मॅच, लॉकर रूम की मैदान, सुरुवात कुणी केली, बसायला कुणी सांगितलं, साधारण कोणते शब्द, इतर कोण मोठी माणसं हजर होती. दोन-तीन मॅचच्या नोंदी पुरेशा आहेत. मुलाला रेकॉर्डिंग करायला मुळीच लावू नका. लॉकर रूममध्ये फोन काढणं हे शाळेच्या दृष्टीने फार गंभीर प्रकरण होतं, आणि मग प्रार्थना बाजूला राहते.

मेल कोचला नको, प्रिन्सिपलला पाठवा आणि प्रत स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, ॲथलेटिक डायरेक्टरला. आधी संबंधित माणसाशी बोलावं ही आपली रीत चांगली आहे. पण इथे कुणाला किती वेळ खेळवायचं हे त्याच माणसाच्या हातात आहे आणि त्याने ‘कोणत्या मुलाने सांगितलं?’ असं विचारलं की तुमची पंचाईत होते. मेल सहा-सात ओळींचा ठेवा. माझं मूल या शाळेच्या एका टीममध्ये आहे. अमुक तारखांना मॅचआधी कोचिंग स्टाफने खेळाडूंना गुडघ्यावर बसवून प्रार्थना म्हटली. मुलांनी स्वतःहून केलेल्या प्रार्थनेला माझी हरकत नाही. स्टाफने प्रार्थना घेऊ नये, सांगू नये, त्यात सामील होऊ नये, एवढीच विनंती. सूचना सर्व टीमच्या सर्व कोचना द्यावी. माझ्या मुलाला वेगळं काढू नये. पाच कामाच्या दिवसांत काय केलं ते लेखी कळवावं. बस. ‘ख्रिस्ती’, ‘धर्मांतर’, ‘वकील’, ‘खटला’ यातला एकही शब्द नको. केनेडी आणि डंकनव्हिलही पहिल्या मेलमध्ये नकोत, ते दुसऱ्यासाठी राखून ठेवा.

बहुतेक वेळा असे मेल कुठे फसतात? रात्री अकराला रागात लिहिलेला मेल, थेट डिस्ट्रिक्टचे प्रमुख असलेले सुपरिंटेंडंट आणि बोर्डाच्या सगळ्या सदस्यांना पाठवलेला. किंवा आधी व्हॉट्सॲप गटावर चर्चा, मग त्यातला स्क्रीनशॉट बाहेर, मग गावभर नाव. किंवा प्रिन्सिपलशी गोड बोलणं झालं, त्यांनी ‘मी बघतो’ म्हटलं आणि कागदावर काहीच नाही. तोंडी बोलणं झालंच तर त्याच दिवशी ‘आज आपलं असं बोलणं झालं’ असा दोन ओळींचा मेल टाका.

‘प्रार्थना ऐच्छिक आहे’ असं उत्तर आलं, तर १९६३ चा निकाल वर दिलाच आहे. ‘तुमच्या मुलाला त्या वेळेपुरतं बाहेर थांबवतो’ असा प्रस्ताव आला, तर तो नम्रपणे नाकारा. हीच सर्वांत मोठी खोच आहे. सूट मागितली की शाळेची प्रार्थना तशीच चालू राहते आणि तुमचा मुलगा तेवढा लॉकर रूमच्या बाहेर उभा दिसतो, डंकनव्हिलच्या त्या मुलीसारखा.

उत्तर आलंच नाही किंवा काही बदललं नाही, तर औपचारिक तक्रार. टेक्ससमधल्या डिस्ट्रिक्टची धोरणं ऑनलाइन असतात. विद्यार्थी-पालकांच्या तक्रारींचं धोरण ‘एफएनजी’ या सांकेतिक अक्षरांनी सापडतं. त्यात फॉर्म असतो, पायऱ्या असतात : आधी शाळा, मग सेंट्रल ऑफिस, शेवटी ट्रस्टी बोर्ड. मुदतही असते आणि ती घटना कळल्यापासून मोजली जाते. गोड बोलण्यात ती निघून जाते, म्हणून पहिला मेल पाठवतानाच धोरण उघडून तारीख वहीत लिहा. तक्रारीनंतर मुलाचं खेळणं अचानक कमी झालं, तर प्रत्येक मॅचमधला त्याचा वेळ आधीचा आणि नंतरचा लिहून ठेवा. सूड घेतला जातोय असं दिसू लागलं की मग वकिलाकडे जायची वेळ आली. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू संस्थेची टेक्सस शाखा, अमेरिकन्स युनायटेड, फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन या संस्थांकडे अशा तक्रारी थेट पाठवता येतात. फाउंडेशन तर पालकाचं नाव न सांगता डिस्ट्रिक्टला पत्र लिहितं. पुष्कळदा प्रकरण त्या एका पत्रावरच मिटतं, कारण डिस्ट्रिक्टच्या वकिलालाही कायदा माहीत असतो.

नवऱ्याची भीती खोटी नाही आणि तिला हसूही नये. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाला प्रत्येक सरकारी कागद धोक्याचा वाटतो. पण त्यांना हे सांगा. धर्मस्वातंत्र्याचं कलम नागरिकांपुरतं लिहिलेलं नाही. सरकारी शाळेत शिकण्याचा मुलाचा हक्क पालकांच्या इमिग्रेशनवर अवलंबून नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात ठरवलं आणि तो खटला टेक्ससमधल्याच टायलर गावचा होता. एच-वन-बीचा अर्ज तुमची कंपनी करते, स्कूल डिस्ट्रिक्टचा त्यात काही हात नाही. शाळेकडे प्रार्थनेबद्दल विचारणा करणं हा व्हिसाचा निकष नाही. आणि कोर्टात जायची वेळ आलीच, तर नाव गुप्त ठेवता येतं. टेक्ससमधल्याच सांता फे डिस्ट्रिक्टच्या फुटबॉल मॅचच्या प्रार्थनेवरचा खटला सुप्रीम कोर्टात सहा विरुद्ध तीन मतांनी प्रार्थनेच्या विरोधात लागला तो २००० साली, ‘डो’ या टोपणनावाखाली. तक्रार करणारी दोन कुटुंबं होती, एक कॅथलिक आणि एक मॉर्मन पंथाचं.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शाळेतल्या प्रार्थनेला विरोध म्हणजे देवाला विरोध, असा समज तिथे आहे आणि आपल्यातही आहे. १९६३ च्या खटल्यातलं शेम्प कुटुंब युनिटेरियन या उदारमतवादी धर्मपंथाचं होतं. त्याच्याही खूप आधी, १८४४ मध्ये, शाळेत कोणतं बायबल वाचायचं या वादातून फिलाडेल्फियात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात दंगली झाल्या, माणसं मेली, चर्च जाळली गेली. शाळेने प्रार्थना निवडली की कुणाची निवडली हा प्रश्न येतोच, आणि ज्यांची निवडली नाही त्यांत श्रद्धाळू माणसंच जास्त असतात.

सासूबाईंना हेच समजावता येईल. परिपाठातली त्यांची प्रार्थना त्यांना प्रिय आहे, त्यावर वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा की त्यांच्या वर्गातल्या मुसलमान किंवा ख्रिस्ती मुलीला तेव्हा कसं वाटत असेल. भारताच्या घटनेतही कलम २८ आहे : पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेत संमतीशिवाय कुणाला धार्मिक उपासनेला बसवता येत नाही.

गुड न्यूज क्लबचं प्रकरण वेगळं आहे. तो क्लब शाळेचा नाही, चाइल्ड इव्हँजेलिझम फेलोशिप या संस्थेचा आहे. पाच ते बारा वयाच्या मुलांना ख्रिस्ती श्रद्धेकडे आणणं हा त्यांचा उघड हेतू आहे. गाणी, गोष्टी, बायबलमधली वचनं पाठ करणं, खाऊ, असं त्याचं स्वरूप. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मिलफर्ड शाळेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शाळा सुटल्यावर इतर संस्थांना वर्ग वापरू देत असाल, तर धार्मिक आहे म्हणून या क्लबला नाकारता येणार नाही. म्हणजे ‘क्लब बंद करा’ ही मागणी कायद्याने टिकणार नाही. मैत्रिणीने मैत्रिणीला पत्रक देणंही तिचा हक्क आहे. शिक्षिकेने वर्गात ‘सगळ्यांनी या’ म्हटलं असेल, तरच प्रिन्सिपलला विचारा. पालकांची सही असल्याशिवाय क्लब मुलांना घेत नाही. तुम्ही सही करू नका, प्रश्न तिथे संपला. आणि हाच निकाल तुमच्याही उपयोगाचा आहे. तुमच्या गावच्या मराठी शाळेला किंवा बालसंस्कार वर्गाला तीच खोली, त्याच भाड्याने, त्याच अटींवर मागता येते. बाहेरच्या संस्थांनी शाळेची जागा वापरण्याचं धोरण ‘जीकेडी’ या अक्षरांखाली पाहा.

वर्गातल्या दहा आज्ञांच्या फलकाचा कायदा म्हणजे २०२५ चं सिनेट बिल १०. प्रत्येक वर्गात निदान १६ इंच रुंद आणि २० इंच उंच फलक, खोलीत कुठूनही वाचता येईल असा. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने केंटकीचा असाच कायदा स्टोन विरुद्ध ग्रॅहम खटल्यात रद्द केला होता, तिथल्या फलकाचं मापही नेमकं हेच होतं. टेक्ससच्या कायद्याला लगेच आव्हान मिळालं. ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन अँटोनिओच्या फेडरल न्यायाधीशांनी खटल्यातल्या ११ डिस्ट्रिक्टना फलक लावण्यापासून रोखलं, त्या पालकांत हिंदूही होते. पुढे हे भांडण वरच्या कोर्टात गेलं. तुमच्या प्रिन्सिपलच्या हातात यातलं काहीच नाही, शिक्षिकेच्या तर नाहीच. त्यांच्यावर राग काढू नका आणि मुलीने फलकाला हात लावता कामा नये. कायदा फलक लावायला सांगतो, शिकवायला नाही. शिक्षिका त्यावरून धडा देऊ लागल्या तर तो वेगळा विषय, मग प्रिन्सिपलला लिहा.

मुलीचा प्रश्न कुठून आला असेल ते या फलकावरच वाचता येतं. माझ्याखेरीज दुसरे देव नकोत आणि मूर्ती घडवू नका, या आज्ञा त्यावर सुरुवातीलाच आहेत. तिला उत्तर साधंच द्या : हा नियम ज्यांच्या धर्मात आहे ते तो पाळतात, आपल्या घरी गणपती बसतो, आणि कुणाचा देव खोटा म्हणायचं नसतं, त्यांनीही नाही आणि तूही नाही. मैत्रीण तिला पुन्हा तसं म्हणाली, तर तो धर्माचा खटला नाही, मुलींचं बोलणं आहे. वारंवार चिडवणं झालं, तर मात्र शाळेत तो छळाचा प्रकार म्हणून नोंदवता येतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तिसरीच्या पालकांना हे माहीत असावं. टेक्ससच्या शिक्षणमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ब्लूबॉनेट’ हा प्राथमिकचा अभ्यासक्रम आठ विरुद्ध सात मतांनी मान्य केला. त्याच्या वाचनाच्या धड्यांत बायबलमधला मजकूर बराच आहे. तो घेणं डिस्ट्रिक्टवर अवलंबून आहे, म्हणून आधी शिक्षिकेला विचारा. एखादा धडा तुमच्या श्रद्धेशी टक्कर घेत असेल, तर टेक्ससच्या शिक्षण संहितेचं कलम २६.०१० वापरून लेखी निवेदन देऊन मुलीला तेवढ्यापुरतं बाहेर काढता येतं. परीक्षा चुकवण्यासाठी किंवा अख्ख्या सत्रासाठी ते चालत नाही. सूट मागण्याची जागा ही, कोचची प्रार्थना नाही. तरी आधी धडा स्वतः वाचा. धर्माबद्दल शिकणं वाईट नाही आणि शाळेने धर्माबद्दल शिकवायला शेम्पच्या निकालातही मोकळीक आहे.

हाच फरक तुमच्या दिवाळीच्या कार्यक्रमालाही लागू आहे. कार्यक्रम जरूर करा, पण दिवाळी दाखवा, साजरी करवून घेऊ नका. कंदील, रांगोळी, किल्ला, नवे कपडे, नरकासुराची गोष्ट ‘हिंदू असं मानतात’ या शब्दांत, एवढं चालतं. आरती नको, मुलांना हात जोडायला सांगणं नको, कुणाच्या कपाळाला कुंकू नको, पूजा केलेला प्रसाद नको. कोचने जे करू नये म्हणून तुम्ही मेल लिहिताय, तेच तुमच्या हातून वर्गात व्हायला नको. अमेरिकेत याबाबतीत लोक किती बारीक पाहतात हे सांगायचं तर, अलाबामाने शाळांत योगाला २०२१ मध्ये परवानगी दिली, पण मंत्र आणि ‘नमस्ते’ म्हणणं वगळून.

शिक्षिकेला महिनाभर आधी लिहा. वीस-पंचवीस मिनिटं मागा आणि काय काय करणार ते चार ओळींत कळवा. मोठ्या कागदावर छापील रांगोळी न्या आणि क्रेयॉन, वर्गात सांडणारी रंगाची पूड नको. पणत्या बॅटरीच्या. खाऊ न्यायचा असेल तर ॲलर्जीची यादी आधी मागा. घरचा फराळ बहुतेक शाळा वर्गात वाटू देत नाहीत आणि काजू-शेंगदाणे तर नाहीतच, तेव्हा बंद पाकिटातलं, घटकांची यादी छापलेलं काहीतरी न्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुलांना घरी ठेवायचं असेल, तर टेक्ससमध्ये धार्मिक सणाची गैरहजेरी माफ असते, त्यासाठी प्रवास करावा लागला तर जाण्यायेण्याचा एकेक दिवसही. आधीच्या आठवड्यात अटेंडन्स ऑफिसला सणाचं नाव आणि तारीख लिहून मेल पाठवा. त्या दिवशी चाचणी असली तर ती नंतर देता येते आणि गुण कापता येत नाहीत. मुलाची मॅच त्याच दिवशी आली, तर कोचलाही तेवढ्याच आधी कळवा.